साठ बटणं

सकाळ आजारी आहे हे सगळ्यात आधी मला कळलं, तिच्या नवऱ्याच्याही आधी. यात माझं कौतुक काही नाही. बावीस वर्षं मी तिच्या चुकांवर कान ठेवून होते, त्यामुळे एखादी चूक माझ्या कानातून सुटणं शक्यच नव्हतं.

आम्ही दोघी बस डेपोत माइकवर होतो. सहा ते दोन ती, दोन ते दहा मी. म्हणून ती सकाळ आणि मी दुपार. ड्रायव्हर, कंडक्टर, कँटीनवाला सगळे असंच म्हणत आणि पुढे पुढे आम्हीही एकमेकींना त्याच नावाने हाक मारायला लागलो. केबिन एक, माइक एक, खुर्ची एक. ती उंच, मी बुटकी. रोज दोन वाजता मी खुर्ची खाली करायचे आणि दुसऱ्या दिवशी आले की ती पुन्हा वर केलेली असायची. बोलणं म्हणाल तर कोणती गाडी लागली, कोणती लागायची आहे, एवढंच.

खरं सांगायचं तर तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला होता. भोंग्यातून दोघींचा सारखाच येतो असं प्रवासी म्हणायचे, तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि मला गुदगुल्या व्हायच्या.

तर एके दिवशी पावणेदोनला मी फाटकातून आत येत होते आणि भोंग्यातून तिचा आवाज आला. शब्द बरोबर होते, पण त्यांच्या कडा गेल्या होत्या, तोंडात काहीतरी धरून बोलावं तसं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी कंट्रोलर साहेबांकडे लेखी तक्रार दिली, की सकाळच्या पाळीतल्या उद्घोषणा प्रवाशांना समजत नाहीत. काय गं, बरं नाही का, एवढं तिला विचारता आलं असतं. विचारलं नाही. तक्रारीवरून तिला तपासणीला पाठवलं, तिथून दुसऱ्या डॉक्टरकडे, तिथून तिसऱ्याकडे. चार महिन्यांनी आजाराला नाव मिळालं. मेंदूने पाठवलेले निरोप स्नायूंपर्यंत पोहोचेनासे होतात. आधी जीभ, मग हात, मग मान, मग श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. औषध म्हणावं असं काही नाही.

तिच्या घरच्यांना वाटलं, मी केवढ्या काळजीने लक्ष ठेवून होते. तिच्या लेकीने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, मावशी, तुमच्यामुळे वेळेवर कळलं. वेळेवर कळून करायचं काय होतं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. मी हात धरू दिले.

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. माइकवर नकार उच्चारायचा नाही, हा आमचा पहिला धडा. आम्ही लागलो तेव्हाच्या जुन्या कंट्रोलर साहेबांनी तो आमच्याकडून घोटून घेतला होता. गाडी नाही म्हटलं की माणूस दगड शोधतो, उशीर आहे म्हटलं की बाक शोधतो, असं ते म्हणायचे. त्यामुळे गाडी रद्द झाली तरी आम्ही ती रद्द झाली असं कधी म्हणालो नाही. "प्रवाशांनी कृपया थोडी वाट पाहावी." डेपोतल्या सगळ्यांना माहीत होतं, हे वाक्य आलं की गाडी येत नसते. फक्त प्रवाशांना माहीत नव्हतं.

माइक बंद केल्यावर मात्र सकाळचा सगळ्यात आवडता शब्द 'नाही' हाच होता, आणि तो खास माझ्यासाठी राखलेला होता. पाळी बदलतेस का? नाही. अर्धा तास थांबतेस का? नाही. माझी आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापुढे हात पसरले. आजच्या दिवस दुपारही कर, म्हटलं. तिने पर्स खांद्याला अडकवली आणि वर न बघता नाही म्हणाली. कारणही दिलं नाही. मी माइकवर बसले. आई साडेआठला गेली, तेव्हा मी फलाट क्रमांक चारवर लोकांना सामान सांभाळायला सांगत होते.

ते मी विसरले नव्हते. पुढचं ऐकताना हे ध्यानात असू द्या.

दवाखान्याच्या मागच्या इमारतीत अशा आजाऱ्यांचं एक मंडळ भरायचं, दर पंधरा दिवसांनी. तिचा नवरा तिला तिथे घेऊन जायचा, आणि एकदा मीही गेले. बारा-तेरा घरं, गोल मांडलेल्या खुर्च्या. सगळे एकमेकांना धीर द्यायला येत आणि आपल्यापेक्षा कोण पुढे गेलंय ते बघून जात. काठीवाले चाकाच्या खुर्चीकडे बघत नसत, आणि चाकाच्या खुर्चीवाले नळीवाल्यांकडे. कोणाची जागा रिकामी दिसली तर कोणी विचारत नसे. मंडळ चालवायच्या एक वाचा-उपचार करणाऱ्या बाई. मी त्यांचं नाव वाचाबाई ठेवलं. त्यांनी सकाळला एक पेटी दिली. शाळेच्या पाटीएवढी, तिच्यावर साठ बटणं. लाल कळ दाबून एक बटण धरायचं आणि बोलायचं. मग ते बटण दाबलं की तेच वाक्य तुमच्याच आवाजात. आवाज आहे तोवर भरून घ्या, वाचाबाई म्हणाल्या, नंतर हीच तुमची जीभ.

तिच्या नवऱ्याला त्यातलं काही कळेना. तो चष्म्याच्या दुकानात मागे बसून काचा घासायचा. बोलणारी यंत्रं त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती. तो माझ्याकडे आला आणि मान खाली घालून म्हणाला, "ताई, माइकचं काम तुमचं. तुम्ही याल का?"

मी गेले. दयेने गेले म्हणाल तर थोडी दया होती. जास्त करून मला तो आवाज जाताना जवळून ऐकायचा होता.

तीन आठवडे मी रोज दहाला तिच्या घरी. तिचा आवाज दिवसातून वीसेक मिनिटं टिकायचा, मग जिभेचा गोळा व्हायचा, म्हणून मी येईपर्यंत ती एक शब्द बोलायची नाही. कपड्यांचं कपाट उघडं टाकायचं आणि खिडकीवर दुलई अडकवायची, म्हणजे खोलीत आवाज घुमत नाही. फ्रीज बंद करायचा. पेटी तोंडापासून चार बोटांवर, जरा तिरकी. आम्हा दोघींना हे एकमेकींना सांगावं लागलं नाही. तिने डोळ्याने खूण केली की मी कळ दाबायचे, आणि एका दमात वाक्य संपवून ती श्वास सोडायची. काम म्हणून बघितलं तर आम्ही दोघींनी त्याआधी इतकं सुरेख काम कधी केलं नव्हतं.

वाचाबाईंनी छापील यादी दिली होती. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत: नको. थांबा. दुखतंय. मला एकटीला राहू द्या. ती वाचून आम्हा दोघींना हसू फुटलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा एकत्र. सकाळ म्हणाली, बाजारात भांडायला निघालोय का आपण? आणि तिचं खरंच होतं. अशी वाक्यं मशीनसमोर तोंडातून निघतच नव्हती. तिने एकदा 'थांबा' म्हणून पाहिलं, तर तेही तिच्या तोंडून 'कृपया थांबावे' असं आलं. मग आम्ही ती यादी सुधारायला घेतली. 'थांबा'च्या जागी "कृपया थोडी वाट पाहावी." 'दुखतंय'च्या जागी "थोडी गैरसोय होत आहे." 'ऐका'च्या जागी "कृपया लक्ष द्यावे." काय तो सूर लागला होता तिचा. मी टाळी वाजवायची तेवढी बाकी ठेवली.

'नको'पाशी आलो तेव्हा ती म्हणाली, त्याला बटण कशाला घालवायचं, मान आहे की. आणि तिने मान हलवून दाखवली, ठसक्यात, दोनदा. मी पेन्सिलीने 'नको'वर काट मारली.

उरलेली बटणं घरच्यांनी वाटून घेतली. लेकीचं नुकतंच लग्न झालं होतं. अजून मूल नव्हतं, पण मुलाला आजीचा आवाज हवा म्हणून तिने अकरा बटणं मागून घेतली. बाळाला आशीर्वाद, पहिल्या वाढदिवसाचा वेगळा, पाचव्याचा वेगळा, शाळेत जाताना एक, अंगाईच्या दोन ओळी. फोनवर नातेवाइकांना ऐकवायला "मी बरी आहे" हे तीन सुरांत. नवऱ्याने काही मागितलं नाही. शेवटी मीच विचारलं तेव्हा तो दाराशी उभा राहून म्हणाला, ती रोज विचारते तेवढं घ्या. म्हणून "जेवलात का?" आणि "दमलात, पडा जरा." चालेल, बरं, छान, आभारी आहे, देव तुमचं भलं करो. साठावं बटण भरलं त्या दिवशी तिच्या जिभेने अक्षराचा शेवटचा धागाही सोडला. मी पेटी पुसून तिच्या मांडीवर ठेवली आणि आम्हाला दोघींनाही वाटलं, जिंकलो.

त्यानंतर आजाराने घाई केली. उजवा हात गेला, पाय गेले, डाव्या हाताचं एक बोट राहिलं. मग मान. आधारासाठी पट्टा होता, पण दमली की मान पुढे पडायची, आणि ती पडली की समोरच्याला वाटायचं, हो म्हणाली. टीव्ही लावू? मान पडली. खिडकी लावू? मान पडली. उकाड्यात तिच्या अंगावर दोन दोन पांघरुणं मी पाहिली आहेत. बोट पेटीवर फिरायचं आणि तिच्या त्या सुंदर आवाजात यायचं, "थोडी गैरसोय होत आहे." घरचे म्हणायचे, बघा, अजून किती गोड बोलते.

मी दर शनिवारी जात होते. का जात होते, विचारू नका. आधी बघायला जात होते, मग सवय झाली.

एकदा न्हाणीघरात नवऱ्याच्या हातून ती निसटली. खांद्याला लागलं तिच्या, आणि त्याची कंबर कायमची धरली. त्यानंतर लेकीने एक सेवागृह शोधून काढलं. बसने दोन तास, स्वच्छ, मागे बाग. नवरा हो म्हणेना की नाही म्हणेना. सकाळला हे कळल्यापासून तिने दोन दिवस तोंडात चमचा घालू दिला नव्हता. दात घट्ट मिटून घ्यायची, तेवढी ताकद अजून होती. तिला आपल्या घरातून हलायचं नव्हतं. हे समजायला कोणाला वाचाबाईंची गरज नव्हती.

पण सेवागृहाचा नियम होता. आजाऱ्याने स्वतः होकार द्यायला हवा, त्यांच्या माणसासमोर. म्हणून एका शनिवारी अकरा वाजता तिथल्या व्यवस्थापक बाई फाईल घेऊन आल्या. लेकीने मलाही थांबवून घेतलं. आई तुमचं ऐकते, म्हणाली.

व्यवस्थापक बाई वाईट नव्हत्या. फक्त मोठ्याने बोलायच्या, सकाळ बहिरी असल्यासारख्या. तुम्ही आमच्याकडे राहायला यायला तयार आहात का, असं त्यांनी विचारलं. सकाळचं बोट उठलं. पेटीवर डावीकडून उजवीकडे गेलं, परत आलं. मग दाबलं.

"कृपया थोडी वाट पाहावी."

बाई थांबल्या. पेनचं टोपण लावलं, काढलं. पुन्हा विचारलं.

"कृपया थोडी वाट पाहावी."

"किती वाट बघायची?" बाईंनी लेकीला विचारलं. लेक म्हणाली, तिला वेळ लागतो. सकाळने दुसरं बटण शोधलं. थोडी गैरसोय होत आहे. नवरा उठला आणि त्याने तिच्या पाठीमागची उशी सरळ केली. थोडी गैरसोय होत आहे. त्याने उशी काढून घेतली. कृपया लक्ष द्यावे, कृपया लक्ष द्यावे, कृपया लक्ष द्यावे. लेकीला हसूही आलं आणि रडूही. आई अजून डेपोतच आहे, ती म्हणाली, आणि व्यवस्थापक बाईही हसल्या.

सकाळने माझ्याकडे पाहिलं.

त्या खोलीत तिची भाषा येणारी मी एकटी होते. वाट पाहावी म्हणजे गाडी येत नसते. ती खणखणीत आवाजात, माइकवरच्या शुद्ध भाषेत, पुन्हा पुन्हा नाही म्हणत होती आणि तिथे कोणी दगड उचलला नसता. मी एवढंच बोलायचं होतं, की त्या नको म्हणताहेत. तीन शब्द.

मला माझी आई आठवली. पर्स खांद्याला अडकवणारी सकाळ आठवली. खोटं कशाला बोलू, एक क्षण मला फार बरं वाटलं. आता म्हणून दाखव म्हणावं नाही. मी मूग गिळून बसले.

मग तिची मान पडली.

"चला, म्हणाल्या हो," व्यवस्थापक बाई म्हणाल्या आणि त्यांनी फाईलमध्ये लिहून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात तिला नेलं. मी पोहोचवायला गेले नाही, माझी दुपार होती.

त्यानंतर दीड महिना मी तिचं नाव काढलं नाही. केबिनमध्ये सकाळच्या पाळीला एक नवी मुलगी आली होती आणि तिला मीच शिकवत होते. नकार द्यायचा नाही वगैरे. एके दिवशी चारची लांब पल्ल्याची गाडी रद्द झाली. मी वाट पाहावी म्हणाले. खिडकीसमोरच्या बाकावर एक म्हातारा पिशवी घेऊन बसला. मी माइक सुरू केला की तो उभा राहायचा आणि माझं वाक्य संपलं की पुन्हा बसायचा. असा तो सात वाजेपर्यंत किती वेळा उठला आणि बसला, मी मोजलं नाही. सातला मला राहवेना. खिडकी उघडून सांगितलं, आजोबा, गाडी येणार नाही. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, की मग आधीच का नाही सांगितलंत, घरी गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी पाळीच्या आधी मी चष्म्याच्या दुकानात गेले. सकाळचा नवरा मागच्या खोलीत चाकावर काच धरून बसला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या शनिवारी ती नको म्हणत होती, मला कळत होतं, मी बोलले नाही. ती मान पडली, ती हो म्हणाली नव्हती. तिला घरी आणा.

त्याने चाक थांबवलं. काच पुसली, उजेडात धरून पाहिली.

"ताई, तिची मान पडते हे मला माहीत नसेल? रोज मीच उचलायचो."

तो म्हणाला, लेकीलाही माहीत होतं. रात्री दोघं बोलले होते, की कंबर अशी, करायचं कोणी, आणि तिने होकार दिलाय असं धरून चालू. मग त्याने दुसरी काच घेतली. इथे मला त्याच्यावर ओरडता आलं असतं, पण कोणत्या तोंडाने?

त्या गुरुवारी रजा टाकून मी सेवागृहात गेले. खरंच स्वच्छ होतं. एका खोलीत सहा खाटा, सहा पांढऱ्या चादरी. सकाळ खिडकीजवळ, उशीला टेकवून बसवलेली, मान पट्ट्यात. फार बारीक झाली होती. एक सेविका तिला सूप भरवत होती. चमचा ओठांना लावायचा, गाल दाबायचा, तोंड उघडलं की आत. एक संपायच्या आत दुसरा. सेविका तोंडाने गोड बोलत होती, आणखी एक, शहाणी ना तू, आणि सूप हनुवटीवरून गळ्यात जात होतं. पेटी कुठे आहे विचारलं, तर कपाटावर. मध्येच वाजत राहते हो, सेविका म्हणाली, आणि काही मागत तर नाहीत, नुसतं थँक्यू आणि वाट पाहा.

मी पेटी खाली काढली. सेविका भांडं धुवायला गेली तेव्हा सकाळच्या मांडीवर पेटी ठेवली, तिचं बोट बटणांवर आणलं आणि सगळं सांगून टाकलं. तक्रार मी काळजीपोटी केली नव्हती. त्या शनिवारी मला कळत होतं. आईच्या दिवसाचा सूड घेतला मी, असं धर. घरी तुला कोणी नेणार नाही, त्यांनाही माहीत होतं. ती बघत राहिली. या आजारात डोळे तेवढे जात नाहीत, आणि ते जावेत असं मला त्या वेळी वाटलं.

मग म्हटलं, मी तुला 'नको' भरून देते. पण बटण मोकळं नाही. एक पुसावं लागेल, आणि पुसलं की तुझा तेवढा आवाज कायमचा गेला. कोणतं पुसू, त्यावर बोट ठेव.

मला वाटलं, ती 'आभारी आहे' दाखवेल. किंवा 'देव तुमचं भलं करो.' बोट पहिल्या ओळीवरून निघालं, सावकाश खाली उतरलं, लेकीच्या ओळीत शिरलं आणि एका बटणावर थांबलं. मी ते दाबून ऐकवलं. "बाळा, तुझ्या आजीचा तुला आशीर्वाद." फार सुरेख घेतलं होतं ते. दोन दिवस लागले होते त्या एका वाक्याला.

"हेच?" मी विचारलं. बोट हललं नाही. तीनदा विचारलं. तीनदा तिथेच.

खोलीत भांड्यांचा आवाज होता, म्हणून मी पेटी घेऊन चादरी ठेवायच्या खोलीत गेले. कपड्यांच्या चळतींमध्ये आवाज छान बसतो. लाल कळ दाबली आणि म्हणाले, "कृपया नको." परत येऊन ऐकवलं. तिने डोळे मिटून घेतले. पुन्हा गेले. या वेळी 'कृपया' गाळलं, पण शेवटी आवाज वर गेला, विनंती केल्यासारखा. तिने पुन्हा डोळे मिटले. तिसऱ्या वेळी मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि तिने मला नाही म्हटलं होतं तसं म्हणून पाहिलं. वर न बघता. कारण न देता. "नको." ऐकवलं तेव्हा तिचे डोळे उघडेच राहिले.

सेविका सुपाची दुसरी वाटी घेऊन आली. चमचा ओठांपाशी नेला.

"नको."

सेविकेचा हात थांबला. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आवाज माझा होता ना. "तुम्ही बोललात?"

"मी नाही," मी म्हटलं. "त्या बोलल्या."

तिने पुन्हा चमचा पुढे केला. नको. पुन्हा केला. नको, नको. शेवटी तिने वाटी टेबलावर ठेवली आणि जरा रागानेच निघून गेली. पहिल्यांदाच तिथे कोणीतरी सकाळच्या म्हणण्यावरून काहीतरी थांबवलं होतं. मला रडू आलं. मी सरकून तिच्या हनुवटीवरचं सूप पुसायला गेले.

"नको."

मी हात मागे घेतला. चुकून दाबलं गेलं असेल, असं वाटून घेतलं. पट्टा काचतोय का, सैल करू का, विचारलं. नको. बरं, बसते नुसती, म्हटलं. नको. तिचं बोट त्या बटणावरून हलत नव्हतं, आणि डोळे माझ्यावरून.

"मग पुढच्या गुरुवारी येऊ?"

तिने वेळ घेतला. बोट उचललं, मला वाटलं दुसरीकडे नेते आहे. त्याच बटणावर परत टेकवलं आणि माझ्याच आवाजात, चादरींच्या खोलीत तिसऱ्या वेळी जमलेल्या त्या कोरड्या सुरात, ती मला नको म्हणाली.

तिच्याशी वाद घालायच्या, तिची समजूत काढायच्या, ती असं म्हणते पण तिच्या मनात तसं नाही म्हणायच्या शंभर तऱ्हा मला येत होत्या. ते सगळं तिच्या घरच्यांनी करून झालं होतं. मी पेटी तिच्या बोटाखाली नीट सरकवली, पिशवी उचलली आणि निघाले. त्यानंतर मी गेले नाही.